उपनगरातला धर्मग्राम कसा सुरू होतो, कसा वाढतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि नायगावपासून विरारपर्यंतच्या कॅथलिक कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न त्यांच्या हिंदू आणि मुस्लिम शेजाऱ्यांनीही विचारले आहेत. आधी सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे शेवटी. जिथे कलमांचे आकडे येतात तिथे १९८३ चा कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा अंतर्गत कायदा समजावा. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर ती परत न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धर्मग्राम म्हणजे चर्चच ना?

नाही. चर्च ही वास्तू. धर्मग्राम, ज्याला आपण बोलताना पॅरिश म्हणतो, तो माणसांचा असतो. कलम ५१५ प्रमाणे धर्मग्राम म्हणजे कायमस्वरूपी स्थापन झालेला श्रद्धावंतांचा समुदाय. त्याची काळजी बिशपांच्या अधिकाराखाली एका प्रमुख धर्मगुरूवर सोपवलेली असते. बहुतेक धर्मग्रामांना भौगोलिक हद्द असते. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक त्या धर्मग्रामाचा असतो, मग तो दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येवो किंवा वर्षातून एकदा नाताळला. तळमजल्यावर भाड्याने राहणारी नर्स, अंथरुणाला खिळलेले आजोबा, चर्चची पायरी न चढणारा तरुण, या सगळ्यांची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूवर असते. धर्मग्रामाबद्दल बोलताना आपण बांधकामाचा खर्च आणि घंटाघराची उंची यांवर फार बोलतो, या माणसांवर कमी. पुढची बरीच उत्तरं याच मुद्द्याकडे येतील.

२. नवा धर्मग्राम कोण स्थापन करतं? आम्ही सह्या गोळा करून दिल्या तर होईल का?

स्थापन करण्याचा, बंद करण्याचा किंवा हद्द बदलण्याचा अधिकार फक्त धर्मप्रांताच्या (अनेक धर्मग्राम मिळून होणाऱ्या विभागाच्या) बिशपांना आहे. मात्र त्याआधी धर्मगुरूंच्या सल्लागार मंडळाचं मत ऐकणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. लेखी आदेश निघतो आणि त्या क्षणापासून धर्मग्रामाला कायद्याच्या दृष्टीने स्वतःचं व्यक्तिमत्त्व मिळतं: तो मालमत्ता धारण करू शकतो, त्याचे हिशेब वेगळे होतात, त्याच्या नोंदवह्या वेगळ्या सुरू होतात.

सह्यांच्या अर्जाने धर्मग्राम मिळत नाही, पण अर्ज निरुपयोगी नसतो. नुसत्या सह्यांपेक्षा इमारतवार कुटुंबांची यादी द्या. त्यात लहान मुलं किती, वृद्ध किती, सध्याच्या चर्चपर्यंत पोचायला कुठला रस्ता किंवा फाटक ओलांडावं लागतं, हे लिहा. सध्याच्या प्रमुख धर्मगुरूंना डावलून थेट बिशप हाउसला जाऊ नका. विभागणीचा प्रस्ताव बहुतेक वेळा त्यांच्याच टेबलावरून पुढे जातो.

३. किती कुटुंबं झाली की नवा धर्मग्राम करतात?

कायद्यात आकडा नाही. उपनगरात साधारण याच गोष्टी पाहिल्या जातात: रविवारच्या मिस्सा वाढवूनही लोक बाहेर उभे राहतात का, धर्मशिक्षणाच्या वर्गांना खोल्या पुरतात का, धर्मगुरूंना वर्षभरात सगळ्या घरांना भेट देणं शक्य आहे का, आणि मध्ये रेल्वेमार्ग, महामार्ग किंवा खाडी येते का. शेवटचा मुद्दा मुंबईत फार महत्त्वाचा आहे. पश्चिम रेल्वेच्या रुळांनी पूर्व आणि पश्चिम अशी जी फाळणी केली आहे, ती धर्मग्रामांच्या नकाशातही उतरली आहे. स्टेशनच्या पुलाचे जिने चढणं सत्तरीच्या बाईंना जमत नसेल, तर अंतर अर्धा किलोमीटर असून काही उपयोग नाही.

४. चर्चची इमारत नसताना धर्मग्राम कसा काय सुरू होतो?

उपनगरात बहुतेक वेळा असाच सुरू होतो. आधी कुठेतरी प्रार्थना सुरू होते. जुन्या गावठाणात ती क्रुसापाशी होते: संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना), मे महिन्यातली मारियेची भक्ती. नव्या कॉलनीत ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात होते. मग महिन्यातून एकदा मिस्सा, त्यानंतर दर रविवारी, बहुधा एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये किंवा धर्मभगिनींच्या कॉन्व्हेंटमधल्या प्रार्थनालयात. इथपर्यंत ती वस्ती मूळ धर्मग्रामाचाच भाग असते आणि तिथलेच साहाय्यक धर्मगुरू येऊन मिस्सा करतात.

पुढची पायरी म्हणजे तिथे राहणारा धर्मगुरू मिळणं. कायद्यात याला अर्ध-धर्मग्राम अशी एक मधली अवस्था आहे (कलम ५१६). समुदाय तयार आहे, धर्मगुरू नेमलेला आहे, पण काही कारणाने पूर्ण धर्मग्राम अजून घोषित केलेला नाही. त्यानंतर स्थापनेचा आदेश येतो. इमारत कधी आदेशाआधी बांधली जाते, कधी बऱ्याच वर्षांनी. चर्च बांधायचं असेल तर बिशपांची लेखी संमती लागते आणि संमती देण्याआधी शेजारच्या चर्चच्या प्रमुखांचंही म्हणणं ऐकून घ्यावं लागतं (कलम १२१५).

हॉलमध्ये मिस्सा होण्याची ती वर्षं लोक नंतर अभिमानाने आठवतात आणि ते योग्यच आहे. सतरंज्या घालणं, वेदीचं टेबल लावणं, मिस्सा संपताच शाळेसाठी बाकं पुन्हा जागेवर ठेवणं, या कामांत घरं एकमेकांना ओळखू लागतात. इमारत झाल्यावर हे काम वॉचमनकडे जातं. ज्या धर्मग्रामांची ही वर्षं घाईत संपली, तिथे पुढे माणसं जोडायला जास्त कष्ट पडतात, असं माझं निरीक्षण आहे.

५. वसई-वांद्र्याकडचे धर्मग्राम एवढे जुने कसे? तेव्हा तर उपनगर नव्हतंच.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यांच्याबरोबर फ्रान्सिस्कन आले, मागून येशूसंघीय (जेझुइट), डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन. वसईच्या किल्ल्यात एकेका संघाचं स्वतःचं चर्च होतं. त्यांचे अवशेष आजही पाहता येतात. किल्ल्याबाहेर वाड्या आणि कोळीवाड्यांत धर्मग्राम उभे राहिले. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज चर्च १५७५ मध्ये येशूसंघीयांनी बांधलं. आज त्याच्या आजूबाजूला मुंबईतली सर्वांत महाग घरं आहेत. तेव्हा तिथे कोळी, आगरी आणि भंडारी वस्ती होती.

हा इतिहास सांगताना त्याची दुसरी बाजू लपवू नये. पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली आणि बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या शैव लेण्याचं फ्रान्सिस्कनांनी चर्च केलं. लोक ख्रिस्ती झाले त्यामागे श्रद्धा होती, सत्तेचा दबाव होता आणि सवलतींचं आमिषही होतं, आणि कुठल्या घरात काय होतं हे आज वेगळं करता येत नाही. पण त्या लोकांनी भाषा सोडली नाही. वसईतले सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती आजही घरात आपापली बोली बोलतात, आणि सुगडीपासून लुगड्यापर्यंत बरंच काही शेजारच्या हिंदू घरांसारखंच राहिलं. १६ व्या शतकात वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकी इथे क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आलं. वसईतल्या धर्मग्रामांना ते आपल्या घरचे वाटतात.

६. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. मग हे धर्मग्राम टिकले कसे?

साष्टी, म्हणजे आज जिथे मुंबईची उपनगरं आहेत तो भाग, १७३७ मध्ये आणि वसई मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेकडे आली. युरोपीय संघांचे धर्मगुरू निघून गेले, त्यांची कॉलेजं आणि मठ ओस पडले, बरीच चर्चं पडली किंवा पाडली गेली. कॅथलिकांना मात्र धर्म पाळण्याची मुभा राहिली आणि काही चर्चं चालू ठेवू दिली गेली. रिकाम्या जागी गोव्याहून देशी धर्मगुरू आले. मोजके फादर आणि पसरलेली गावं अशी परिस्थिती होती.

धर्मग्राम टिकले त्याचं श्रेय या गोमंतकीय फादरांना द्यायला हवं, आणि तेवढंच घराघरांतल्या आयाआजींना. फादर वर्षातून काही वेळाच येणार असतील, तर मुलांना प्रार्थना शिकवणं, मरणाऱ्याजवळ बसून प्रार्थना म्हणणं आणि क्रुसापाशी गाव जमवणं हे घरच्यांनाच करावं लागतं. वसई १८१८ च्या आसपास इंग्रजांकडे गेली तेव्हा हा समाज विखुरलेला नव्हता. आपले धर्मग्राम पोर्तुगिजांनी स्थापन केले हे खरं. पण ते आजवर पोचले ते पोर्तुगीज गेल्यानंतरच्या या ऐंशी वर्षांमुळे, आणि शाळेत किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात याविषयी फारसं शिकवलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

७. एकाच भागात हाकेच्या अंतरावर दोन जुनी चर्चं का आहेत? तेव्हा तर एवढे लोकही नव्हते.

याचं कारण लोकसंख्या नाही, अधिकाराचा वाद आहे. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेल्या हक्कामुळे पूर्वेकडची चर्चं गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होती. याला पाद्रुआदो म्हणत. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबई बेटावरून पोर्तुगीज अधिकाराखालचे धर्मगुरू काढले आणि रोममधल्या प्रोपागांडा या विभागाच्या अधिकाराखालचे कार्मेलाइट आणले. पुढे कधी हा पक्ष तर कधी तो, असं चालून १७९४ मध्ये मुंबईत दुहेरी अधिकार मान्य झाला. काही चर्चं एका पक्षाकडे, काही दुसऱ्याकडे. एकाच गल्लीतली दोन घरं दोन वेगळ्या बिशपांना मानणारी.

वाद किती टोकाला गेला ते माहीमला दिसलं. १८५३ मध्ये प्रोपागांडाचे बिशप हार्टमान सेंट मायकल चर्चमध्ये ठाण मांडून बसले आणि पाद्रुआदोच्या लोकांनी चर्चला वेढा घातला. शेवटी सरकारने मध्ये पडून चर्च पाद्रुआदोकडे दिलं. वांद्र्यात सेंट अँड्र्यूज पाद्रुआदोचं, तर सेंट पीटर्स प्रोपागांडाच्या बाजूने काम करणाऱ्या येशूसंघीयांचं. त्यांनीच १८६३ मध्ये सेंट स्टॅनिस्लॉस शाळा काढली.

१८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, मुंबईचा आर्चडायोसिस (आर्चबिशपांचा धर्मप्रांत) स्थापन झाला, पण साष्टी आणि वसईकडची पाद्रुआदोची चर्चं दमणच्या वेगळ्या धर्मप्रांतात गेली. १९२८ च्या करारानंतर ती मुंबईत विलीन झाली आणि दोन अधिकारांचा घोळ मिटला. म्हणून जुन्या भागात हद्दी आजही कधीकधी विचित्र वाटतात. त्या आखल्या गेल्या तेव्हा रस्ते कुठून जातात यापेक्षा कुठलं घर कुठल्या पक्षाचं हे जास्त महत्त्वाचं होतं.

८. उपनगरात कॅथलिक वस्ती एवढी वाढली केव्हा?

टप्प्याटप्प्याने. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली आणि वांद्रे, सांताक्रूझ, मालाडकडचे लोक शहरात नोकरीला जाऊ लागले. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी इथल्या मूळ कॅथलिकांनी स्वतःसाठी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, कारण नोकरीच्या बाजारात गोव्याहून आलेल्यांपासून त्यांना स्वतःची वेगळी ओळख हवी होती. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीतले लोक उत्तरेकडे आले, आणि पुढे कॅथलिकांच्या गृहनिर्माण सोसायट्या निघाल्या. गोवा, मंगळूर, केरळ आणि तमिळनाडूचे कॅथलिक नोकरीसाठी येत राहिले. वसईत मोठी लाट १९८० च्या दशकाच्या शेवटी आली. दक्षिण मुंबईतली खोली विकून इकडे फ्लॅट घेणारी कुटुंबं आली. त्याच वेळी वसईचं पाणी आणि हिरव्या वाड्या वाचवण्यासाठी हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. त्यात धर्मगुरू आणि धर्मग्रामातले लोक मोठ्या संख्येने होते.

९. वसई वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हा आमच्या धर्मग्रामाचं काय बदललं?

२२ मे १९९८ रोजी मुंबईच्या आर्चडायोसिसमधून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. बिशप थॉमस डाबरे पहिले बिशप झाले आणि पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, झालं. धर्मग्राम तेच राहिले, हद्दी आणि नोंदवह्याही त्याच राहिल्या. बदललं ते कार्यालय: बदल्या, परवानग्या, विवाहाची विशेष सूट, सगळं मुंबईऐवजी वसईत होऊ लागलं. मुंबईत धर्मप्रांताचा कारभार मुख्यतः इंग्रजीत चालतो, वसईत मराठीला पहिलं स्थान मिळालं, आणि इथल्या लोकांसाठी ही लहान गोष्ट नव्हती.

१०. मी कुठल्या धर्मग्रामात मोडतो? भाड्याने राहतो, गावी वेगळा धर्मग्राम आहे.

पत्त्यावरून ठरतं, मालकीवरून नाही. कायमचं राहण्याचा इरादा असेल किंवा पाच वर्षं राहिलात, तर तिथे तुमचा अधिवास होतो. तीन महिने राहण्याचा इरादा असेल किंवा तीन महिने राहिलात, तर अर्ध-अधिवास (कलम १०२). दोन्हींमुळे तिथला प्रमुख धर्मगुरू तुमचा होतो. म्हणजे भाडेकरू पूर्ण हक्काने धर्मग्रामाचे सदस्य असतात आणि गावचा धर्मग्रामही सुटत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी कुटुंबं दोन वर्षं ऑफिसात नाव नोंदवत नाहीत, कारण आपण पाहुणे आहोत असं त्यांना वाटतं. असं करू नका. पहिल्याच महिन्यात नाव द्या, म्हणजे आजारपणात किंवा लग्नाच्या वेळी धावपळ होणार नाही.

११. आम्ही रविवारी दुसऱ्याच चर्चला जातो. चालतं का?

रविवारच्या मिस्सेसाठी चालतं. कुठल्याही कॅथलिक विधीच्या मिस्सेला गेलात तरी कर्तव्य पूर्ण होतं (कलम १२४८). नोवेनांचंही, म्हणजे विशेष भक्तीच्या प्रार्थनांचंही, तसंच. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोवेना होते आणि तिथे येणारे बहुसंख्य लोक त्या धर्मग्रामाचे नसतात, कित्येक तर कॅथलिकही नसतात. मात्र स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आणि विवाहासाठी तुमचा स्वतःचा धर्मग्राम लागतो, किंवा दुसरीकडे करायचं असेल तर त्याची परवानगी. मुलाचा स्नानसंस्कार आजोळच्या चर्चमध्ये करायचा असेल, तर आधी आपल्या फादरांना भेटा. सहसा अडवत नाहीत.

१२. धर्मग्राम विभागला. आमच्या स्नानसंस्काराची नोंद आता कुठे मिळेल?

जिथे स्नानसंस्कार झाला तिथेच. विभागणीत माणसं नव्या धर्मग्रामात जातात, जुन्या वह्या मूळ धर्मग्रामातच राहतात. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्नानसंस्कार आणि विवाह यांच्या वह्या ठेवण्याची सक्ती १५६३ मध्ये ट्रेंट इथल्या चर्चच्या परिषदेने केली. आजच्या कायद्याप्रमाणे स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वेगळ्या वह्या असतात (कलम ५३५). त्यांतली स्नानसंस्काराची वही सर्वांत महत्त्वाची, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी तिच्यातच येऊन लागतात. दृढीकरण (स्नानसंस्कारानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं, लग्न झालं, कुणी धर्मगुरू झाला किंवा धर्मभगिनी म्हणून अखेरचं व्रत घेतलं, तर ते जिथे कुठे झालं असेल तिथून मूळ धर्मग्रामाला कळवायचं असतं आणि मूळ नोंदीच्या समासात लिहायचं असतं.

यामुळेच लग्नाच्या वेळी जुनं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र चालत नाही. नव्याने काढलेलं, साधारण सहा महिन्यांच्या आतलं मागतात. त्यावर समासातल्या नोंदी असतात आणि त्यावरून आधी लग्न झालेलं नाही हे कळतं. तुमचं दृढीकरण दुसरीकडे झालं असेल तर ते मूळ ठिकाणी कळवलं गेलं का, हे स्वतः विचारून घ्या. लग्नाच्या आठ दिवस आधी हे शोधायला निघालेली कुटुंबं मी पाहिली आहेत आणि तो मनस्ताप कुणालाही होऊ नये.

१३. पणजोबांची नोंद शोधायची आहे. कुठून सुरुवात करू?

गाव आणि अंदाजे वर्ष घेऊन त्या भागातल्या सर्वांत जुन्या धर्मग्रामात जा. तुमचा आजचा धर्मग्राम पन्नास वर्षांचा असेल, तर तो कुठल्या धर्मग्रामातून निघाला हे विचारा, आणि तो कुठून निघाला हेही. प्रश्न ७ मधल्या वादामुळे जवळच्या दुसऱ्या चर्चमध्येही नोंद असू शकते. जुन्या वह्या पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: लॅटिन नोंदींत महिन्याच्या जागी सातचा आकडा आणि पुढे ‘ब्रिस’ असं दिसलं तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, दहा म्हणजे डिसेंबर.

वही हातात मिळेलच असं समजू नका. पानं ठिसूळ असतात आणि त्यांत इतरांच्याही खासगी गोष्टी असतात. ऑफिसात अर्ज द्या आणि थोडे दिवस द्या. नाताळ आणि पवित्र आठवड्याच्या (ईस्टरच्या आधीच्या) दिवसांत तर विचारूच नका.

१४. आमच्या गावठाणातला जुना क्रूस चर्चच्या मालकीचा आहे का?

बऱ्याचदा नाही. मुंबई आणि साष्टीतले अनेक क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात एखाद्या कुटुंबाने किंवा आळीने उभे केले. आपली वस्ती वाचावी म्हणून, किंवा वाचली म्हणून. जमीन त्या कुटुंबाची, ट्रस्टची किंवा सरकारी असू शकते. रस्तारुंदीकरणाची नोटीस आली की लोक चर्चकडे धाव घेतात आणि चर्चकडे कागद नसतात. क्रुसावर कोरलेलं वर्ष, जुने फोटो, सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आत्ताच गोळा करून ठेवा. धर्मग्राम तुमच्या पाठीशी उभा राहू शकतो, पण कागद तुम्हालाच शोधावे लागतील.

१५. चर्च बांधायला पैसे कुठून येतात? हिशेब कोण बघतं?

लोकांच्या देणग्या, सणाच्या वेळचे स्टॉल आणि हाउझी, परदेशात नोकरी करणाऱ्यांची मदत, कधी मूळ धर्मग्रामाचा हातभार, कधी धर्मप्रांताचं कर्ज. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणं सक्तीचं आहे (कलम ५३७). महाराष्ट्रात असे न्यास १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात. देणगीदार म्हणून हिशेब विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. शांतपणे विचारा, लेखी विचारा.

१६. नव्या धर्मग्रामाचं नाव कोण ठरवतं?

स्थापनेच्या वेळी बिशप ठरवतात, लोकांच्या सूचना घेतल्या जातात. चर्चचं रीतसर समर्पण झाल्यावर नाव बदलता येत नाही (कलम १२१८).

१७. मराठी मिस्सा मागितली तर मिळते का?

१९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने मातृभाषेत उपासनेची वाट मोकळी केली. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. वसईत मराठी मिस्सा हाच मुख्य प्रवाह आहे. मुंबईच्या उपनगरांत इंग्रजी मुख्य आणि जोडीला कोंकणी, मराठी, हिंदी, तमिळ, मल्याळम अशी वस्तीप्रमाणे रचना असते. निर्णय प्रमुख धर्मगुरू घेतात. नुसती मागणी करून भागत नाही. वाचन करणारे, गाणारे आणि दर आठवड्याला येणारे लोक आहेत हे दाखवावं लागतं. पाच-सहा जणांचं गायनवृंद तयार करून मग जा, उत्तर वेगळं मिळेल. ईस्ट इंडियन कुटुंबांना मी आवर्जून सांगेन की मराठी तुमची आहे. तुम्हीच ती मागितली नाहीत, तर आणखी एका पिढीनंतर ती मागायला कुणी उरणार नाही.

१८. आम्ही नव्या टॉवरमधले. कौन्सिलमध्ये सगळे जुने गावठाणवालेच आहेत. आम्हाला कोण विचारणार?

हा प्रश्न फार येतो आणि उलट बाजूने गावठाणातूनही येतो: ‘बाहेरच्यांनी येऊन आमचं चर्च घेतलं.’ दोघांनाही दुखतं. गावठाणातल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या चर्चची जमीन, क्रूस आणि सण सांभाळले. त्यांना पहिल्या बाकावर बसायचा हक्क नसला, तरी ऐकून घेण्याचा मान आहे. नव्या कुटुंबांचा हक्क पत्त्यावरून पूर्ण आहे (प्र. १०).

व्यवहारात वाट लहान ख्रिस्ती समूहांतून जाते. मुंबईत १९८० च्या दशकापासून इमारती किंवा गल्ल्यांचे असे समूह केले गेले. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बायबलवाचन, आजाऱ्यांची चौकशी, अडलेल्यांना मदत. धर्मग्राम परिषदेत, म्हणजे कौन्सिलमध्ये, प्रतिनिधी बहुतेक याच समूहांतून जातात. परिषद सल्लागार असते, तिचा ठराव फादरांवर बंधनकारक नसतो, पण शहाणे फादर तो सहजासहजी बाजूला सारत नाहीत. गावठाणाच्या सणाला टॉवरमधल्यांनी राबायला यावं आणि टॉवरमधल्या घरभेटीला गावठाणातल्यांनी जावं. याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

१९. आम्ही केरळचे सिरो-मलबार आहोत. राहतो लॅटिन धर्मग्रामाच्या हद्दीत. मग आम्ही कुणाचे?

तुमच्या स्वतःच्या चर्चचे. मुंबई-वसईचे बहुतेक धर्मग्राम लॅटिन, म्हणजे रोमन विधी पाळणारे आहेत. सिरो-मलबार हे रोमशी जोडलेलं, पण स्वतःचा विधी आणि स्वतःचे बिशप असलेलं कॅथलिक चर्च आहे. या भागासाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन धर्मप्रांतांचे धर्मग्राम असू शकतात आणि ते बेकायदा नाही. मिस्सेला लॅटिन चर्चमध्ये या, ख्रिस्तप्रसाद घ्या, काहीच अडचण नाही. स्नानसंस्कार आणि विवाहाची नोंद मात्र तुमच्या धर्मग्रामातून व्हायला हवी. वर्षानुवर्षं लॅटिन धर्मग्रामात वावरल्याने किंवा तिथे मुलाचा स्नानसंस्कार झाल्याने कुणी आपोआप लॅटिन होत नाही. मिश्र लग्नात, एक लॅटिन आणि एक सिरो-मलबार असेल तेव्हा, दोन्हीकडच्या फादरांशी किमान तीन महिने आधी बोला.

२०. जुन्या धर्मग्रामात आता माणसंच उरली नाहीत. तो बंद करतात का?

होऊ शकतं, पण तो निर्णय जड असतो. बिशप सल्लागार मंडळाला ऐकून धर्मग्राम शेजारच्या धर्मग्रामात विलीन करू शकतात. त्याने चर्चची वास्तू आपोआप बंद होत नाही. विलीन झाल्यावरही तिथे मिस्सा चालू राहू शकते. वास्तू उपासनेसाठी कायमची बंद करण्याची प्रक्रिया वेगळी आहे आणि तिला गंभीर कारण लागतं (कलम १२२२). नोंदवह्या ज्या धर्मग्रामात विलीनीकरण झालं तिकडे जातात, हे प्रश्न १२ ला जोडून वाचा.

२१. आमची सोसायटी दोन धर्मग्रामांच्या हद्दीवर आहे. ए विंग एकीकडे, बी विंग दुसरीकडे असं सांगतात. खरं काय?

खरं ते धर्मप्रांताच्या कार्यालयातल्या स्थापनेच्या आदेशात किंवा हद्दीच्या नकाशात असतं. पुनर्विकासात दोन जुन्या चाळी पाडून एक टॉवर झाला की हा प्रश्न हमखास उभा राहतो. आदेशात जुन्या गल्लीचं नाव असतं आणि ती गल्लीच आता पार्किंगमध्ये गेलेली असते. सोसायटीच्या कॅथलिक कुटुंबांनी एकत्र अर्ज करून दोन्ही प्रमुख धर्मगुरूंना द्यावा. ते आपसात ठरवून बिशपांकडून लेखी खुलासा घेतात. तोवर कुणी आजारी पडलं तर ज्या चर्चचा फोन आधी लागेल तिथे लावा, कोणतेही फादर येतील.

लेखी खुलासा आला की त्याची प्रत सोसायटीच्या फाइलमध्ये ठेवा आणि फ्लॅट विकताना किंवा भाड्याने देताना नव्या कॅथलिक कुटुंबाला कुठल्या ऑफिसात नाव द्यायचं ते सांगा.